जासूस टाकळकरच्या कथा कोणाच्या, याबाबत

मी, अप्पाराव दिनकरराव देऊळगावकर, वय ७७, निवृत्त चित्रकला शिक्षक, राहणार पूर्णा, जिल्हा परभणी, माझ्या पश्चात काय कोणाचे व्हावे ते स्वहस्ते लिहून ठेवीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. तरीही डॉक्टरांचा दाखला जोडला आहे, कारण मागाहून कोणीतरी 'म्हाताऱ्याला भ्रम झाला होता' म्हणेल, असा मला दाट संशय आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. खोलीचे दार आतून लावले आहे.

१. राहते घर पत्नी सौ. प्रमोदिनी हिच्याकडे तिच्या हयातीपर्यंत राहील. त्यानंतर मुलगा विवेक व मुलगी उत्तरा यांना समान. विवेक नांदेडहून आला की अंगण पावलांनी मोजतो. विचारले तर म्हणतो, "शतपावली करायलोय, बाबा." म्हणून स्पष्ट लिहितो की आईच्या हयातीत घर विकता येणार नाही.

२. बँकेतील ठेव सर्वस्वी प्रमोदिनीची.

३. माझे ब्रश, निबा व उतरता ड्रॉइंग बोर्ड उत्तराला. ती पाथरीच्या शाळेत चित्रकला शिकवते. तिची माफीही मागायची आहे. कारण पुढे येईल.

४. आता मुख्य बाब. १९८१ ते १९९२ या काळात 'दुधनाकाठ' साप्ताहिकात 'जासूस टाकळकर' ही चित्रकथा छापून येत असे. छापखान्यात काळी शाई आणि एकच लाल, एवढ्यावर आमचा सगळा रहस्याचा कारभार. चित्रांखाली 'कथा व चित्रे : अप्पाराव' असे असे.

यंदा त्यावर सिनेमा निघाला. परभणीला जाऊन पाहिला. फार देखणा केला आहे. मोजके सपाट रंग, प्रत्येक दृश्य चौकटीत बसवलेले, पूर्णा जंक्शनचा फलाट मोरपंखी, आणि टाकळकर पिवळ्याजर्द ओव्हरकोटात. आमच्याकडच्या उन्हात ओव्हरकोट! पण रुबाबदार दिसतो, हे कबूल.

मात्र शेवटचे प्रकरण पाहून मी खुर्चीत ताठ झालो. पाण्याच्या टाकीतला खून. ते प्रकरण कधी छापलेच नव्हते. साप्ताहिक बंद पडले तेव्हा त्याची चित्रे मी पेटीत ठेवली, आणि त्या पेटीची किल्ली माझ्या जानव्याला असते.

मी तपास सुरू केला. बोटांचे ठसे उमटावेत म्हणून पेटीवर रांगोळी भुरभुरली. विवेकचा मोबाइल तपासला. उत्तराला समोर बसवून दोन तास उलटतपासणी केली. ती रडत पाथरीच्या बसमध्ये बसली आणि दोन महिने आली नाही. प्रमोदिनी म्हणाली, "अहो, घरात चोर शोधताय, पण तुम्हाला सोडून सगळ्यांना विचारून झालं."

शेवटी संशय सिद्धोधनवर गेला. सिद्धोधन आश्रुबा खिल्लारे त्याच छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचा. मी त्याच्या घरी गेलो आणि उभ्यानेच विचारले, "टाकीचं प्रकरण सिनेमावाल्यांना कोणी दिलं?"

"मीच की," तो म्हणाला. "जुने अंक हुडकत आले व्हते. वही दिली त्यान्ला."

"कोणाची वही?"

त्याने आतून वही आणली. त्यात सगळी प्रकरणे होती, त्याच्या अक्षरात, खाडाखोडीसह.

"सर, लिवलेलं माझंच हाय ना?"

मी वही मिटली. तो पुढे म्हणाला, "त्या लोकांनी तुमाला फोन केला व्हता. काय बोललात तुमी?"

फोन आला होता. एका मुलीने विचारले होते, 'कथा सिद्धोधन खिल्लारे यांच्या आहेत, असं ते म्हणतात. बरोबर आहे का?' मी खोटे बोललो नाही. एवढेच म्हणालो, "तो छापखान्यात खिळे जुळवायचा." तिने आभार मानून फोन ठेवला. पडद्यावर माझ्या एकट्याचे नाव आले.

म्हणून शपथेवर लिहितो. टाकळकरच्या सर्व कथा, एकूण एक, सिद्धोधनने रचल्या. दर शुक्रवारी तो सांगायचा, मी काढायचो. साप्ताहिकाचे मालक म्हणाले होते, एकच नाव पुरे. कोणाचे, ते मी ठरवले. आणि ते माझे नाव दर आठवड्याला सिद्धोधनच एकेक अक्षर उचलून जुळवीत असे. अकरा वर्षे.

५. कथांचे सर्व हक्क सिद्धोधनचेच आहेत. ते देणारा मी कोण. माझ्या मूळ चित्रांपैकी निम्मी मी त्याला देतो. टाकीच्या प्रकरणाची सर्व चित्रे त्याला. उरलेली उत्तराला.

६. हा मसुदा सिद्धोधनला वाचून दाखवला. तो म्हणाला, "मेल्यावर कशाला, सर? मी आधी गेलो तर?" त्याचे म्हणणे रास्त आहे. चित्रपट कंपनीला तशा अर्थाचे पत्र माझ्या सहीने आजच रजिस्टर पोस्टाने पाठवले आहे. पावती सोबत.

७. हे कलम मसुद्यात नव्हते, आत्ता वाढवीत आहे. सह्यांची वेळ आली तेव्हा सिद्धोधन म्हणाला, "साक्षीदार म्हणून मीच सही करतो की." मला भरून आले. मी पेन पुढे केला. इतक्यात वकील रंगनाथराव म्हणाले, "थांबा. ज्याला काही मिळायचंय, त्यानं साक्ष केली तर त्याला दिलेलं पुढे कोर्टात टिकणं अवघड होतं."

सिद्धोधनने पेन खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहिले.

"सर, हे तुमाला ठाऊक व्हतं?"

"नव्हतं," मी म्हणालो. ते खरे आहे. परंतु माझ्याकडे पुरावा नाही, आणि माझ्या शब्दावर विसंबावे असे त्याच्यासाठी मी कधी काही केलेले नाही. तो खुर्ची ओढून शेजारी बसला आहे. प्रत्येक पान लिहून होताच मोबाइलवर त्याचा फोटो काढतो आहे. आम्ही सर्वांनी सह्या करेपर्यंत तो उठणार नाही. त्याला कोणी उठवूही नये.

लिहून देणार : अप्पाराव दिनकरराव देऊळगावकर (सही)

आमच्या समक्ष सही झाली :
१. रंगनाथ माणिकराव कुरुंदकर, वकील, पूर्णा (सही)
२. नर्मदाबाई किशनराव सोळंके, शेजारी, पूर्णा (सही)

स्थळ : पूर्णा
दिनांक : १४ नोव्हेंबर २०२५