फक्कीच्या रेघा

अहो,

भाकरी टोपल्यात झाकून ठेवलीय, आईंना आधी वाढा. मी बहिणीकडं आष्टीला चाल्ले.

घरकुलाच्या पैशात एकच खोली बसते, हे तुमचं बराबर हाये. त्यावर माझं भांडण न्हाई. पण तुम्ही फक्की टाकून खोली आखली, तिच्या रेघांच्या आत सकाळी मी सगळ्यांची अंथरुणं टाकून पाह्यली. आईंचं मावलं, तुमचं मावलं, पोरीचंबी मावलं. मोटारसायकल चोरी जाईल म्हणून तिला तुम्ही आत कोपरा सोडलाय, त्यानं माझं अंथरूण रेघेच्या बाहेर गेलं.

उद्या मिस्त्री पाया खोदायला येणार. त्याच्या आत ठरवा. गाडी बाहेर लावणार असाल, तर तिच्यावरच मला न्यायला या.

बेबीनंदा