गाडीला ढेकर येईपर्यंत

आबा, गाडीला ढेकर आला. सांगायचं ते एवढंच आहे, पण एवढ्यावर थांबले तर ती मी कसली. तुम्हीच म्हणायचे ना, हिला तांब्याभर पाणी मागितलं तर आधी विहीर कोणी खोदली ते सांगेल. तर विहिरीपासूनच सांगते. अक्षय्य तृतीया, आपली आखाजी, तोंडावर आली होती आणि अक्काने धुळ्याहून फोनवर सांगून टाकलं की यंदाही ती येत नाही. गुडघ्यांमुळे एस.टी.ची पायरी चढवत नाही म्हणाली, ते खरंच आहे. पण खरं कारण तिने हसत हसत शेवटी काढलं, "आणि न्यायला मुऱ्हाळी नको का कोणी? आखाजीची लेक काय आपली आपण चालत येते?" तुम्ही होते तोवर तुम्ही जीप घेऊन मुऱ्हाळी जायचे. तुमच्यानंतर माझे मालक जायचे. तेही गेले. आम्हा दोघी बहिणींना भाऊ नाही, माझा लेक पुण्याला कामाला, तो सणाच्या सकाळी येतो आणि रात्रीच्या गाडीने परत. अक्काची मागची आखाजी चुकली, त्याच्या मागचीही चुकली. आमची वयं बघता पुढची कोणी धरावी? मी फोनवर म्हणून गेले, "मीच येते मुऱ्हाळी." अक्का इतकी हसली की तिला ठसका लागला.

बोलून तर गेले मी, पण गाडी आजारी होती हे मला तेव्हा माहीत नव्हतं. लेकाची जुनी गाडी दारात असते, ती सूनबाई चालवते, आणि छान चालवते बरं का, तुमच्यासारखी खड्ड्याला शिव्या देत नाही. ती त्याच दिवशी जामनेरला तिच्या मावशीकडे आंबे द्यायला गेली आणि येताना गाडीच्या तोंडातून भसाभसा वाफ. बाभळीखाली तासभर उभी राहून, गार झाल्यावर थांबत थांबत घरी आली बिचारी, तोंड उन्हाने लाल. नशिराबादच्या मिस्तरीला फोन केला तर तो म्हणे, "वहिनी, आता आखाजी झाल्यावरच. मीच माझ्या बहिणीला आणायला चाललो, पाय गाडीत आहे माझा." त्याला तरी काय बोलावं! त्या दिवसांत सगळा खानदेशच कोणाला तरी आणायला निघालेला असतो. सूनबाईने फोनमध्ये शोध शोध शोधलं आणि म्हणाली, "आई, रेडिएटर आतून धुवायचा आणि हवा काढायची. आपण घरी करू शकतो. कराल का माझ्यासोबत?" आबा, चौथीच्या पुढे शाळा पाहिली नाही मी, पण रेडिएटर म्हटल्यावर मला असं वाटलं की कोणी माहेरच्या माणसाचं नाव घेतलं.

दरवर्षी आखाजीच्या आधी तुम्ही जीपचं पोट धुवायचे. लोकांच्या बायका माठ धुवायच्या, धान्याला ऊन द्यायच्या, आणि तुम्ही अंगणात खाकी चड्डीवर, जीपच्या पुढे उकिडवे बसलेले. पाण्यात धुण्याचा सोडा कालवून आत ओतायचा, गाडी थोडी चालू ठेवायची, गार होऊ द्यायची, मग खालची नळी काढायची की बदाबदा लाल पाणी, जुन्या लोखंडाच्या वासाचं. अक्का नाक धरून आत पळायची. मी नाही पळायची, कारण माझ्याकडे काम होतं. झाकण माझ्या ओच्यात असायचं. ते काम मला कसं मिळालं ते आठवतं का? मी परकर खोचून उभी आहे, जीप जळगावहून नुकतीच आली आहे, तोंडातून सूं सूं आवाज येतो आहे, आणि मी कौतुकाने झाकणाला हात घालते. तुम्ही असे ओरडलात की ओट्यावरची कोंबडी उडाली. "हात काढ! तापल्या गाडीचं झाकण उघडशील तर तोंड भाजून घेशील!" मला तुम्ही त्याआधी कधी ओरडले नव्हते, त्यानंतरही नाही. मी रडत बाजेखाली जाऊन बसले. संध्याकाळी जीप गार झाल्यावर तुम्ही मला हाताला धरून आणलं, माझा तळवा रेडिएटरवर ठेवला, गार आहे का विचारलं, माझ्याच हाताने झाकण उघडवलं आणि म्हणाले, "आजपासून हे तुझ्याकडे. तू दिल्याशिवाय गाडी निघणार नाही." तेव्हापासून गाडी तुमची आणि झाकण माझं.

तर आम्ही सकाळी, गाडी रात्रभर गार झालेली असताना, कामाला लागलो. सूनबाईने खाली टब ठेवला, बोल्ट सैल केला. आत हिरवं पाणी असायला हवं होतं म्हणे, कुलंट म्हणतात त्याला, आणि निघालं आपल्या जीपसारखंच विटकरी. कारण काय, तर पाणी कमी झालं की जो तो बोअरचं पाणी ओतत होता. आपल्या बोअरचं पाणी कसं ते तुम्हाला काय सांगू, तपेल्याला आतून चुना लावल्यासारखा थर. तोच थर गाडीच्या पोटात. मी म्हटलं सोडा आणू का, तर ती म्हणाली, "आई, आताच्या रेडिएटरला सोडा चालत नाही," आणि बाटलीतलं औषध घातलं. मी हट्ट केला नाही. एक मात्र तिने फार चांगलं सांगितलं, की हे कुलंट गोड लागतं, जनावर चाटतं आणि जिवाला मुकतं. मी आधी बकरी मागच्या दारी बांधली आणि टबातलं सगळं कॅनमध्ये भरून झाकण घट्ट लावलं, मग पुढचं काम. नळीने पाणी सोडत राहिलो. चहासारखं यायचं, मग लिंबूपाण्यासारखं, मग आरशासारखं. सूनबाईने ओंजळीत घेऊन दाखवलं तेव्हा मला वाटलं, आता धुळं काय, इंदूरपर्यंत जाऊ.

मग नवं कुलंट आणि फिल्टरचं पाणी भरायचं आणि अडकलेली हवा काढायची. मी म्हटलं, "गाडीचं नाक वर कर." ती म्हणाली, व्हिडिओतही तेच सांगतात. आम्ही दोघी खूश. खळ्याचा तो चढ अजून तसाच आहे, तुम्ही जीप तिथेच लावायचे. बाळाला पाजलं की उभं धरतात तसं गाडीला उभं धरायचं, म्हणजे पोटातली हवा वर येते, असं तुम्ही म्हणायचे, आणि कान लावून बसायचे. व्हिडिओतल्या माणसाने पुढे सांगितलं की हिटर पूर्ण चालू करा. त्यावर आम्ही दोघी एकमेकींकडे पाहून जे हसत सुटलो! चैत्र संपून वैशाख लागलेला, ओट्यावर पाय ठेवला तर चटका, आणि हिटर! त्याचं बटण तर लेकाने गाडी आणली त्याच आठवड्यात चिकटपट्टी लावून बंद केलं होतं, चुकून कोणाचा हात लागून गरम हवा सुटायला नको म्हणून. सूनबाई म्हणाली, "हे थंडीच्या गावच्या लोकांसाठी असेल, आई." मी म्हटलं, "तर काय." आणि पुढे गेलो. बुडबुडे आले, थांबले, झाकण लावलं, गाडी चालू ठेवली. गाडीचा ताप दाखवणारा काटा चढायला लागला. चढतोच आहे, चढतोच आहे. सूनबाईने गाडी बंद केली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकलं. "नाही होणार आई. मावशींना फोन करून सांगा, यंदा नाही जमत." ती माझ्या अक्काला मावशी म्हणते.

मी फोन केला नाही. सकाळपासून राबून लेकरू थकलं होतं, त्यात झोळीत नात उठली. तिचंही सांगायचं राहिलं बघा, तुमची पणती, अजून दात नाही एकही. सूनबाईने तिला पाजलं आणि मी खांद्यावर घेऊन अंगणात फिरायला लागले. थोपटते, थोपटते, ढेकर येत नाही, पोर कुरकुरते. या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली आणि असा मोठा ढेकर दिला तिने, तुम्ही पुरणपोळीवर द्यायचे तसा. मी हसत म्हटलं, "हिची हवा दुसऱ्याच खांद्याला अडकली होती." सूनबाई ओट्यावर बसून तो व्हिडिओ परत पाहत होती. तिने तो मध्येच थांबवला. माझ्याकडे पाहिलं. मग गाडीकडे पाहिलं. "आई," ती म्हणाली, "ती चिकटपट्टी!" खरंच की हो. हिटरच्या नळ्या बंद, त्यांच्यात हवा कोंडलेली, आणि आम्ही खानदेशच्या शहाण्या!

गाडी हाताला गार लागेपर्यंत आम्ही कांदा-भाकर खाऊन घेतली. मग तळवा ठेवून पाहिला, ओलं गोणपाट टाकून हळूच झाकण काढलं, आणि ते मी पदरात बांधलं. सूनबाईने नखाने पट्टी खरवडली, हिटर पूर्ण लावला, पंखा पूर्ण, गाडी सुरू. आधी आतून गार वारा आला. एवढ्या उन्हात बरा वाटला, पण सूनबाई म्हणाली गार येतो म्हणजे हवा तिथेच आहे. मी कान लावला. आत कुठेतरी गुळगुळ, जसं कोणी लांब विहिरीत घागर बुडवतं आहे. मग रेडिएटरच्या तोंडाशी एक मोठा बुडबुडा, भक्कन, आणि पाणी एकदम खाली. ढेकर! सूनबाई ओरडली, "आला, आला!" तिने वरून कुलंट भरलं, परत गुळगुळ, परत भरलं, आणि मी झाकण लावलं. मग आतला वारा तापला आणि असा तापला की भट्टीसमोर बसल्यासारखं झालं. काटा मध्यावर येऊन थांबला, पुढचा पंखा आपोआप फिरला, आपोआप थांबला. आम्ही दारं लावून आत बसलेल्या, घामाने निथळत, काट्याकडे डोळे लावून. शेजारीण पाण्याला चालली होती, तिने काचेतून वाकून विचारलं, "काय वं माय, थंडी वाजते का तुले?" मी म्हटलं, "व्हय वं, ये, तुले बी शेक देते." ती पळालीच.

दुसऱ्या दिवशी उजाडतानाच निघालो. नात माझ्या मांडीवर. एरंडोलला सूनबाईने काटा पाहिला, मध्यावर. पारोळ्याला पाहिला, मध्यावर. मी म्हटलं, "किती दृष्ट लावशील त्याला, रस्त्याकडे बघ." अक्काच्या गल्लीत शिरलो तर ती दारात खुर्ची टाकून बसलेली, पिशवी भरून, नवं लुगडं नेसून. म्हणजे बघा, फोनवर नाही नाही म्हणणारी! मला पाहून वळून आतल्यांना म्हणते, "मुऱ्हाळी कोठे शे? कोन्हीच दिसत नही." इतकी वर्षं धुळ्यात राहून ती शे-शेच करते, तुम्ही चिडवायचे तशी. मी गाडीतूनच ओरडले, "मीच शे मुऱ्हाळी! बस मुकाट्याने, नाहीतर गाडी तापेल." तिला दोघींनी धरून बसवलं. बसल्यावर ती काचेवरून हात फिरवत राहिली. मग म्हणाली, "झाकन तूच धरं का वं?" मी पदराची गाठ दाखवली. झाकण जागेवर बसलेलं होतं, गाठीत नुसती वेलची होती. तरी तिला कळलं.

येताना मला ते सारखं आठवत होतं. माझं लग्न झालं आणि तुम्ही जावयाला घरीच ठेवून घेतलं. सगळ्या हसायच्या, हिला ना सासर ना माहेर. ती पहिली आखाजी. तुम्ही धुळ्याला निघाले तेव्हा मला म्हणाले, "चल, बस." मी म्हटलं, मी कशाला? "बस म्हटलं ना." येताना अक्काला आणि मला मागे शेजारी शेजारी बसवलं, आणि वेशीपासून घरापर्यंत असा हॉर्न वाजवला की कुत्री भुंकायला लागली. दारात आई भाकरतुकडा घेऊन उभी. अक्का उतरायला लागली, मीही पटकन उतरून आईच्या मदतीला जायला लागले, तर तुम्ही मला दंडाला धरून थांबवलं. "तू बी आली आहेस. थांब." आईने आधी अक्कावरून ओवाळलं, मग माझ्यावरून. माझ्या पायावर पाणी घातलं. त्या घरात जन्मलेली, त्याच घरात राहणारी मी, त्या दिवशी माहेरी आले.

आज आखाजी झाली. पितरांची घागर भरली तुमच्या नावाने, वर गोड सांजोरी आणि डांगराचं फळ ठेवलं. सूनबाई मला हळूच म्हणते, "आबांच्या घागरीत थोडं कुलंट घालायचं का, त्यांना बरं वाटेल?" मी तिला चापट मारली आणि मग आम्हा तिघींना घास गिळेना हसून. लेकही पुण्याहून आला, काटा बघून आला, आणि आता त्याच चढावर उभ्या गाडीपुढे फोटो काढतो आहे. अक्का निंबाच्या झोक्यावर बसली आहे, गुडघे लांब करून, आणि मला हाक मारते आहे की लिहिणं सोड, आंब्याचा रस काळा पडतो.

हा कागद कुठे पाठवायचा ते मला माहीत नाही, आणि सूनबाईला वाचायला द्यायचा नाही, कारण एक गोष्ट तिला सांगितलेली नाही. काल घराजवळ आल्यावर ती पटकन उतरून भाकरतुकडा आणायला आत पळाली. मी मुऱ्हाळी, मी आधी उतरून अक्काला हात द्यायला हवा होता. नात झोपली आहे असं मी म्हटलं. ती टक्क जागी होती. मी अक्काशेजारी तशीच बसून राहिले, आबा, सूनबाई बाहेर येऊन दोघींवरून ओवाळेपर्यंत.