आमच्या धुराड्याची परवानगी

६ जानेवारी
प्रदूषण मंडळाचं पत्र. धुराचा बंदोबस्त करा, तरच तेल मिलची परवानगी पुढे चालू. तक्रार शेजारच्या नसीमभाभीची. भिंतीला भिंत, ईदला शीरखुर्मा आमच्याकडे येतो, आणि तक्रार थेट मंडळात. तळपायाची आग मस्तकात गेली.

७ जानेवारी
भांडायलाच गेले. तिनं गच्चीवर नेलं. गाद्यांसाठी पसरलेला कापूस, त्यावर आमच्या बॉयलरची राख. म्हणाली, "तुमच्या दादाला लय दिवस सांगायलेय, ताई. ऐकतच न्हाईत. मग लिहिलं. चुकलं का?"
नाही चुकलं. चहा पिऊन आले.

११ जानेवारी
दादाला नुसता सायक्लोन हवा, धूर गरगर फिरवून राख खाली पाडणारा. स्वस्तात काम. पण तो जाड राखच पाडतो, बारीक उडतेच. धूर पाण्यानं धुणारा स्क्रबर नको: उन्हाळ्यात मिललाच टँकर, शिवाय काळं पाणी सोडायचं कुठे? उरला बॅग फिल्टर, धूर कापडी पिशव्यांतून गाळणारा. दादा म्हणे, कपाशीची वाळकी पऱ्हाटी जाळतो आपण, ठिणगीनं पिशव्या जळतील. बरोबर आहे. मग आधी सायक्लोन, ठिणग्या तिथेच पडतील, मागे पिशव्या. दोन्ही घेणार. दादा अर्ध्या ताटावरून उठला. उठू दे.

४ मार्च
बसलं एकदाचं. फिटर आज सांगतो, पेटवताना धूर ओला असतो, पिशव्या चिकटतात. तेवढा वेळ झडप उघडून धूर सरळ धुराड्यात सोडा. दादाचा चेहरा खुलला. झडप दिवसभर उघडी ठेवली तर पिशव्या टिकतात, वीजही वाचते. मी ओळखते ना त्याला. झडपेला कुलूप आणलं, झडप बंद केल्याशिवाय चावी न निघणारं. पण चावी मिलमध्ये राहिली तर दादाचंच राज्य.

५ मार्च
भाभीला खरं ते सांगितलं. सकाळी पेटवताना धूर येईल, नंतर नाही.
"नंतर न्हाई, हे बघणार कोण?"
चावी तिच्या हातात ठेवली. बॉयलर पेटवणाऱ्या फायरमननं ती रोज सकाळी न्यायची, झडप बंद करून परत द्यायची.

६ मार्च
दादा: "तक्रार करणारीच्या हातात मिल दिलीस." दिली.

८ मार्च
उद्या मंडळाचे साहेब येणार. फायरमन आजारी, म्हणून चावी आणायला दादाच गेला भाभीच्या दारात. घेऊन आला. बॉयलर पेटला. धूर काळा. भाभी कापसावर चादर ओढून गच्चीत उभी, मी इकडे खिडकीत. आता वाफ भरली आहे, झडप बंद करायची वेळ झाली. दादा अजून चावी परत द्यायला मिलमधून बाहेर आलेला नाही.