एकतीस ते एकशे बारा माणसांचं जेवण

ती. आत्यास साष्टांग नमस्कार.

तुझा गुडघा, तुझ्या कुंड्या आणि तुझा राग, तिन्ही आटोक्यात असतील असं धरून चालतो. मोतीबिंदूमुळे तुला अक्षरं दिसत नाहीत, तेव्हा हे पत्र शेजारच्या मास्तरीणबाई वाचून दाखवणार हे ठाऊक आहे. (बाई, तुम्हालाही नमस्कार. कंसातला मजकूर कृपा करून मनात वाचा, तो आत्यासाठी नाही.) बाईंच्या अक्षरातलं तुझं दोन ओळींचं पत्र मिळालं: "ऑपरेशनला तू हवास. एक तारीख सांग, डॉक्टर थांबलेत." तारखेकडे येतोच, पण आधी इथली फजिती ऐक.

आमची परिषद एकदाची पार पडली. आम्ही नेमकं करतो काय, हे तू दर वेळी विचारतेस आणि मी दर वेळी गुंता वाढवून ठेवतो, म्हणून या खेपेला सरळ सांगतो. कॉम्प्युटर दशांश चिन्हापुढचे आकडे कुठेतरी छाटतो, आणि लाखभर वेळा छाटलं की उत्तर भलतीकडेच जातं. म्हणून आम्ही एक उत्तर देतच नाही. दोन टोकं देतो आणि पुराव्यानिशी सांगतो की खरं उत्तर यांच्या मध्येच आहे. त्यामुळे आमचं कधी चुकत नाही. (मागे मी 'दोन ते सहा आठवड्यांत येतो' असं कळवून एक्केचाळिसाव्या दिवशी उगवलो, तेव्हाही खोटा ठरलो नाही. पण तोवर ती रोज माझं पान मांडत होती आणि डॉक्टरांकडचा नंबर गेला, हे तुम्हीच मला सांगितलंत. तेव्हापासून मनाला लागून राहिलंय.)

यंदा जेवणाचं काम विभागप्रमुखांनी माझ्या गळ्यात मारलं. कॅन्टीनच्या काकूंनी साधा प्रश्न केला, माणसं किती? मी नावनोंदणी, मागच्या वेळची गळती, आयत्या वेळी येणारे, सगळं धरून दोन दिवस खपलो आणि ऐटीत कागद दिला: कमीत कमी एकतीस, जास्तीत जास्त एकशे बारा. काकूंनी कागद उलटा करून मागे आणखी काही लिहिलंय का ते पाहिलं. मग म्हणाल्या, "साहेब, भात एकदाच चढतो. एकतीस ते एकशे बारा माणसांचा तांदूळ धुऊ कसा?" मी म्हटलं, मधला एखादा आकडा सांगेन, पण त्याला पुरावा नाही. त्यांनी कपाळाला हात लावला.

परिषदेच्या सकाळी माझं भाषणही होतं. विषय होता एक पूल आणि तो किती भार पेलेल. माझ्या नव्या रीतीने काढलेलं उत्तर पडद्यावर आलं: शून्य टनांहून जास्त, अनंताहून कमी. पुढच्या रांगेतल्या इंजिनिअरने विचारलं, मग पुलावरून जायचं की नाही? मी म्हटलं, सिद्ध झालंय ते एवढंच. विभागप्रमुख उभे राहिले, म्हणाले, "एकही चूक नाही," आणि टाळ्या वाजवू लागले. (आमच्यात याहून मोठी शाबासकी नाही. तो इंजिनिअर मात्र दिवसभर मला टाळत होता.)

जेवणाच्या सुट्टीत जीव मुठीत धरून कॅन्टीनमध्ये शिरलो. ताटं बरोबर पासष्ट. जेवणारे पासष्ट, आणि पासष्टावा मी! भाताचं शीतही उरलं नाही. पाच देशांचे पंडित हातातले चमचे तसेच धरून काकूंभोवती गोळा झाले. विभागप्रमुखांनी सिद्धता मागितली. काकू म्हणाल्या, "सकाळच्या चहाचे उष्टे कप मोजले, अडुसष्ट. दोनदा पिणारे चौघे वजा केले. या साहेबांनी धावपळीत चहा घेतलाच नाही, म्हणून एक वाढवला." आणि चुकलं असतं तर? "चुकलं असतं तर मी अर्धपोटी राहिले असते. पण आकडाच नाही म्हणून कुणाला ताटकळत ठेवायचं का?"

आत्या, त्या क्षणी तू डोळ्यांसमोर आलीस, आणि खरंच लाज वाटली.

सगळ्यांना नमस्कार, रागावलेल्यांना दोनदा.

तुझा,
टोकाटोकाचा भाचा

ता. क. तारखेचं राहिलंच. मी येईन तो दहा ते सव्वीस या (बाई, हे खोडलंय, वाचू नका.)

ता. क. २. चौदा तारीख, सकाळी साडेनऊ, तुझ्या दारात. डॉक्टरांना पंधरा सांग. याला पुरावा नाही. तिकीट काढायचंय, रजेचा अर्ज अजून विभागप्रमुखांच्या टेबलावर पडून आहे. आकडा चुकायला लागला तर चालत येईन.

ता. क. ३. (बाई, एवढं तरी मनात वाचा. दवाखान्याच्या नुसत्या वासाने मला भोवळ येते. आत तिचं ऑपरेशन चालू असेल तेव्हा बाहेर बाकावर तुम्ही माझ्या शेजारी बसाल का? खरं तर एवढंच विचारायला हे पत्र लिहायला घेतलं होतं. आणि तुम्ही माझे सगळे कंस पहिल्यापासून मोठ्यानेच वाचता, हे मला कधीच कळलंय. तेव्हा आत्या, हसू नकोस, डोळ्यांवर ताण येईल.)