प्रेस क्रमांक चारची जाळी

प्रति,
मा. कारखाना निरीक्षक,
सिल्वासा, दादरा व नगर हवेली.

विषय : दि. २० फेब्रुवारी २०२४ च्या अपघाताच्या अहवालातील ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ हे कारण बदलण्याबाबत.

संदर्भ : नवरेखा प्रेस वर्क्स यांचा आपणास पाठवलेला अहवाल, दि. २३ फेब्रुवारी २०२४.

महोदय,

१. अर्जदार रोहिणी बागूल, मूळची सटाण्याची, राहणार टोकरखाडा, ही नवरेखा प्रेस वर्क्स या पत्र्याचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात सहा वर्षे ड्रॉइंगचे काम करते. अपघात का घडला हे तिला ठाऊक आहे. अहवालात ते आलेले नाही.

२. प्रेस क्रमांक चारच्या तोंडाशी हात आत जाऊ नये म्हणून लोखंडी जाळी असते. ती फेब्रुवारीच्या आरंभी तुटली. सोमवार दि. ५ रोजी उत्पादन व्यवस्थापक चंद्रकांत साहेबांनी नव्या जाळीचे ड्रॉइंग अर्जदाराकडे सोपवले. तोवर प्रेस बंद ठेवावी, असे तिने तोंडी म्हटले. “ऑर्डर आहे. गोकुळ जुना माणूस आहे, सांभाळून चालवेल,” असे उत्तर मिळाले. तिने ते लेखी मागितले नाही.

३. ड्रॉइंग दोन दिवसांचे होते. परंतु अर्जदारास दिलेला संगणक आकाराने डब्याएवढा असून टेबलाच्या बंद कप्प्यात ठेवलेला होता. प्रेसचे पूर्ण चित्र पडद्यावर उघडले की दहा मिनिटांत आतले पंखे किंचाळू लागत, ग्राफिक्स कार्डचे तापमान चौऱ्याण्णव अंशांवर जाई, पडदा काळा होई आणि केलेले काम जाई. तिने कप्प्याचे दार काढले. टेबलपंखा लावला. चित्राचा दर्जा उतरवला. तापमान दोन अंशांनी उतरले, पडदा काळा होतच राहिला.

४. संगणकाची देखभाल करणारे भावेशभाई यांना तिने दि. ७, १० व १५ रोजी मेल केले. ते एकदा येऊन हात लावून गेले. “बेन, सील तोडता नहीं, वॉरंटी जशे. वापीथी माणस आवशे,” म्हणाले. वापीचा माणूस आला नाही. वॉरंटी जाईल म्हणून अर्जदाराने संगणकाच्या झाकणावरचे सील तोडले नाही. जाळी कागदावर पेन्सिलीने काढता आली असती का, हा प्रश्न तिला त्या दिवसांत सुचला नाही. आता सुचतो. काढता आली असती.

५. मंगळवार दि. २० रोजी सकाळी अकराच्या सुमारास गोकुळ सोनवणे, राहणार आमली, मूळ शहादा तालुका, यांचा उजवा हात प्रेसमध्ये सापडला. तीन बोटे गेली. अर्जदार खाली धावली. नथू नावाच्या कामगाराने हात गमछ्यात गुंडाळला होता. गाडी निघून गेल्यावर ती वर आली. पडदा काळा झालेला होता. तिने संगणक पुन्हा सुरू केला आणि सकाळी जिथे थांबली होती ती रेषा काढू लागली. आपण असे का केले, हे तिला सांगता येत नाही. तिला रडू आले नाही. अजूनही आलेले नाही.

६. दुसऱ्या दिवशी तिने कोणास न विचारता सील तोडून झाकण उघडले. कार्डचे पंखे झाकणाच्या ज्या छिद्रांतून हवा ओढतात ती छिद्रे आतून रुंद चिकटपट्टीने बुजवलेली होती. लोखंडाचा कीस आत जाऊ नये म्हणून कोणीतरी मागे कधी ती लावली असावी. फोटो काढून पट्टी सोलली, पंख्यांच्या पात्यांवर बसलेला तेलकट थर ब्रशने काढला, छिद्रांवर विरळ विणीचे कापड ताणले आणि संगणक उघड्या टेबलावर ठेवला. तापमान एकाहत्तरवर स्थिर राहिले. या कामास पस्तीस मिनिटे लागली. गुरुवारी ड्रॉइंग पुरे झाले, पुढच्या गुरुवारी जाळी बसली.

७. सील तोडल्याबद्दल अर्जदारास कारणे दाखवा नोटीस मिळाली आहे. तिचे उत्तर तिने दिले असून त्याविषयी आपणाकडे काही मागणे नाही.

८. दि. ३ मार्च रोजी अर्जदार आमलीस गोकुळ यांच्या खोलीवर गेली. त्यांच्या पत्नी चंदा यांनी चहा केला. मग गोकुळ यांनी विचारले, “ताई, जाळी बसनी का?” बसली, असे तिने सांगितले. “मंग नथूले भ्याव नही आते,” नथूला आता भीती नाही, असे म्हणून त्यांनी डोळे मिटले. त्या मशीनवर आता नथू आहेत. निष्काळजी माणूस दुसऱ्याच्या हाताची चौकशी करीत नाही, एवढेच अर्जदारास म्हणावयाचे आहे.

९. तरी ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ हे शब्द काढून ‘जाळीविना प्रेस चालू ठेवणे व जाळीच्या ड्रॉइंगला झालेला विलंब’ असे कारण नोंदवावे. विलंबाच्या जागी नाव लागत असल्यास अर्जदाराचे लिहावे. जबाबासाठी ती कोणत्याही कामाच्या दिवशी हजर राहील. कारखान्याची परवानगी तिने घेतलेली नाही.

आपली नम्र अर्जदार,
(सही)
रोहिणी बागूल
सिल्वासा, दि. ११ मार्च २०२४

सोबत :
१. भावेशभाईंना केलेल्या तीन मेलच्या प्रती.
२. चिकटपट्टी लावलेल्या झाकणाचे दोन फोटो.
३. या अर्जास गोकुळ सोनवणे यांचे संमतीपत्र. सही डाव्या हाताने केलेली असल्याने कारखान्यातील जुन्या सहीशी जुळणार नाही. ती त्यांचीच आहे.