पंख्याशिवायचा डबा

४ मार्च

बोलत्या पुस्तकासाठी पाठवलेला माझ्या वाचनाचा नमुना परत आला! प्रकाशनवाल्या बाई फोनवर म्हणाल्या, "आवाज उत्तम आहे हो तुमचा. पण मागे सारखं काहीतरी घोंगावतंय. घराखाली पिठाची गिरणी आहे का?"

गिरणी कसली, माझा म्हातारा लॅपटॉप! त्याचा पंखा सुरू झाला की शेजारची बाई खिडकीत येऊन बघते.

बाईंनी अजून एक संधी दिली आहे. कादंबरीचं पहिलं प्रकरण पुन्हा वाचून, स्वच्छ रेकॉर्ड करून पंचवीस तारखेपर्यंत पाठवायचं. पसंत पडलं तर आख्खी कादंबरी माझ्या आवाजात, आणि पुढची पुस्तकंही. नाही पडलं तर — बस स्थानकातली माझी घोषणेची खुर्ची महिनाअखेरीला जाणारच आहे. आता तिथे यंत्र बोलणार. साहेब म्हणाले, "काळजी करू नका, तुम्हाला पार्सलच्या खिडकीवर घेऊ." मी! पार्सलच्या खिडकीवर! उभी हयात तोंडाच्या जोरावर काढली, आता गठ्ठ्यांवर शिक्के मारू?

नवा कॉम्प्युटर घ्यायचा. ठरलं.

६ मार्च

हे म्हणाले, "घ्यायचाच तर सगळ्यात नवीन घे. एकदाच काय तो." भाचीला फोन केला. ती म्हणाली, "मावशी, लिनक्सवर काम करणार ना तू? मग अगदी कालपरवा आलेलं मॉडेल नको."

लिनक्स तिनेच विंडोजच्या जागी माझ्या लॅपटॉपवर घातलं. तेव्हा मी किती कुरकुर केली होती! आता रेकॉर्डिंग, काटछाट, पत्रं, सगळं त्यावर हाताला बसलंय. आता दुसरं काही शिकायला सांगाल तर मी नाही बाई.

संध्याकाळी ती येऊन एक पेनड्राइव्ह देऊन गेली. त्यात आख्खं लिनक्स आहे. दुकानातल्या मशीनला लावायचा आणि त्यावरूनच मशीन सुरू करायचं. आतल्या कशाला धक्का लागत नाही. काय चालतं, काय अडतं, ते तिथल्या तिथे कळतं. "आवाज बघ, माइक बघ, इंटरनेट बघ. आणि झोपवून उठवून बघ." मी म्हटलं, कोणाला? मशीनला म्हणे!

८ मार्च

पहिलं दुकान. काचेचं हे भलंमोठं खोकं, आत लाल-निळे दिवे, चार पंखे. "मॅडम, गेमिंगला एक नंबर!" या वयात मी काय राक्षस मारत बसू? विंडोज नको म्हटल्यावर तर दुकानदाराने असं पाहिलं, जणू मी बिनचाकाची गाडी मागितली. पेनड्राइव्ह लावू देईना. आले निघून.

९ मार्च

दुसरं दुकान, ह्यांच्या पसंतीचं. ह्यांनी ऐटीत सगळ्यात नवीन मॉडेलवर बोट ठेवलं. मी पेनड्राइव्ह लावला. पडदा उजळला — पण इंटरनेट नाही आणि माइक मुका! आतले भाग इतके नवे की लिनक्सची त्यांच्याशी अजून ओळखच झालेली नाही. भाचीने हेच सांगितलं होतं. हे किमतीची पाटी वाचायला लागले. मला आतून आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या, पण मी दाखवलं नाही.

थोडंसं दाखवलं.

१२ मार्च

तिसरं, चौथं दुकान. सगळीकडे घरघर. पार्सलच्या खिडकीचं स्वप्न पडलं. भीती वाटते.

१५ मार्च

सापडला!!

बाजारामागच्या गल्लीत, दुरुस्तीचं दुकान. कोपऱ्यात डब्याएवढं काळं खोकं. दुकानदार म्हणाला, "ते दोन वर्षांपूर्वीचं मॉडेल आहे, पंखा नाही त्याला. कोणी बघत नाही." मी म्हटलं, मी बघते!

पेनड्राइव्ह लावला. इंटरनेट — आलं. आवाज — आला. पिशवीतून माझा माइक काढून जोडला, "नमस्कार" म्हटलं, पडद्यावर रेघ टुणकन उडाली. झोपवलं, उठवलं. शहाण्या बाळासारखं उठलं! मेमरी माझ्या लॅपटॉपच्या दुप्पट. मग दुकानदाराला म्हटलं, छताचा पंखा बंद करा. केला. रेडिओ बंद करा. केला. मी कान खोक्याला लावला. काही नाही. काही म्हणजे काही नाही!

"बाई," तो म्हणाला, "कॉम्प्युटर घेताय की नाडी बघताय?"

नाडीच हो! घेतला. बिनविंडोजचा. येताना रिक्षात मांडीवर घेऊन बसले होते.

१६ मार्च

लिनक्स मीच घातलं. भाची नुसती चहा पीत बसली होती!

२० मार्च

आज संसार मोडणार होता.

दार लावून वाचत होते. प्रकरण संपत आलेलं. पाणी प्यायला उठले, तेवढ्यात हे आत गेले. खोक्याचा आवाज नाही, पडदा काळा झालेला. ह्यांना वाटलं मशीन बंद आहे. मला मदत म्हणून प्रेमाने बटण दाबलं. चालू होतं ते! झालं बंद!

मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. हे पडेल चेहऱ्याने गच्चीवर गेले.

मशीन पुन्हा सुरू केलं तर सुरुवातीचा तुकडा तेवढा शिल्लक होता. ऐकला. आणि चपापले. दर वाक्यानंतर मी थांबतेय! स्थानकात आवाज घुमून परत येईपर्यंत थांबावं लागतं, नाहीतर शब्दांचा काला होतो. तीच सवय. लॅपटॉपच्या घरघरीत हे कधी कळलंच नाही. आता या शांततेत प्रत्येक थांबणं विहिरीएवढं! ऐकणारा पडायचाच आत.

म्हणजे बटण दाबलं ते बरंच झालं. ह्यांना गच्चीवरून बोलावून आणलं. कारण मात्र सांगितलं नाही, एवढ्यात डोक्यावर चढवून ठेवायला नको.

२३ मार्च

पुन्हा वाचलं, न थांबता, समोर कोणीतरी खुर्ची ओढून बसल्यासारखं. ऐकताना मलाच पुढे काय होतं याची उत्सुकता लागली! पाठवलं.

२७ मार्च

पसंत! कादंबरी माझी! बाई म्हणाल्या, "स्टुडिओ भाड्याने घेतलात का?" मी म्हटलं, हो, डब्याएवढा आहे.

ह्यांनी तिन्ही शेजाऱ्यांना सांगितलं, मशीन "आम्ही" निवडलं. निवडलं हो, निवडलं.

३१ मार्च

खुर्ची सोडली. शेवटची घोषणा नेहमीसारखी दोनदा केली. यंत्र त्याच टेबलावर ठेवलंय.

११ एप्रिल

साहेबांचा फोन. यंत्राचं बोलणं कोणाला कळत नाही, लोक भलत्याच गाडीत बसतायत. "उद्यापासून या, खुर्ची तुमचीच." महिन्यापूर्वी हे ऐकायला मी जीव ओवाळून टाकला असता. येणार नाही म्हटलं. घोषणा करतात तसं — दोनदा.