खंडेनवमीला पुजलेला डबा

७ सप्टेंबर, रविवार
काल गणपती गेले. मखर सोडून माळ्यावर ठेवलं आणि टीव्हीखाली तो डबा परत मांडला. डबा म्हणजे गेमचा. यांच्या कंपनीतले साहेब बदली होऊन गेले तेव्हा लेकासाठी म्हणून यांना देऊन गेले, सोबत खेळांच्या तीन चकत्या. सुयोगला तो पसंत नाही. म्हणतो, असला डबा अख्ख्या शहापूर तालुक्यात कुणाकडे नसेल, बनवणाऱ्यांनीसुद्धा सोडून दिलाय, आणि आत नुसते फॅमिली गेम. मुरबाडला जाऊबाईंच्या प्रणयकडे आहे तो खरा. त्यात बंदुका आहेत.
कल्याणचा एक माणूस हा डबा घेऊन, वर थोडे पैसे भरले तर तसला देणार आहे. सुयोग उद्याच निघाला होता.
मी सांगितलं, उद्यापासून पितृपक्ष. नवी वस्तू घरात येणार नाही.
मला त्या डब्यात काडीचा रस नाही. शास्त्र ते शास्त्र.

९ सप्टेंबर, मंगळवार. दुपारी
शेतावरचा पंप बंद ठेवला की जाम होतो. यंत्राचं तसंच. द्यायचाच आहे तर चालू स्थितीत द्यावा, म्हणून रोज थोडा वेळ चालवायचा ठरवलं. फक्त चालवायचा. खेळायचं नाही.
चालू केला की आधी पडद्यावर आपल्या चेहऱ्याचं चित्र करावं लागतं. अंबाडा मिळाला. टिकली मिळेना. मग चेहऱ्यावरचा तीळ घेतला, मोठा केला आणि कपाळावर नेऊन ठेवला. दहावीला गणितात पहिली होते ते उगाच नाही.

११ सप्टेंबर, गुरुवार
तीन चकत्यांपैकी एकीत गाव आहे, झाडं लावायची, शेजाऱ्यांना फळं द्यायची. ते घरी रोजच करते. दुसरीत रिमोट धरून हात फिरवायचा, की पडद्यावर चेंडू जातो, त्याने खुंट्या पाडायच्या. तिसरीत गाड्यांची शर्यत.
शर्यत चांगली आहे. गाडी चालवायला कासव घेतलं. देवळात नंदीच्या पुढे कासवच असतं. शर्यतीत मागच्याच्या वाटेत केळ्याची सालं टाकतात. मी टाकणार नाही. दुसऱ्याला पाडून पुढे जाणं आपल्यात बसत नाही.
आठवी आले.

१२ सप्टेंबर, शुक्रवार
सालं टाकली. मागचे बघून चालत नाहीत त्याला मी काय करणार. पाचवी आले.

१४ सप्टेंबर, रविवार
सासूबाईंनी विचारलं, दुपारची एकटीच कोनाशी बोलतंस गो? म्हटलं, यंत्र तपासते. म्हणाल्या, मना दे. शर्यतीने हात दुखेल म्हणून खुंट्यांची चकती लावून दिली. पहिल्याच फेकीत सगळ्या खुंट्या आडव्या. परत सगळ्या. परत.
म्हटलं, यंत्र जुनं आहे, चुकतं. त्या म्हणाल्या, यंत्र नाय चुकत, तुजा मनगट चुकतो. आमी लहानपनी शेतातल्या माळ्यावर बसून गोफनीनं राघू उडवलेत. ह्या खुंट्या तर उडत बी नाय.
माझ्या चार पडल्या. पाहुण्याला आणि वडीलधाऱ्यांना जिंकू द्यावं अशी आपली रीत आहे.

१७ सप्टेंबर, बुधवार. एकादशी
संकल्प: आज डब्याला हात लावणार नाही.
दुपारी धूळ पुसायला हात लावावाच लागला. पुसताना चालू झाला. उपासाला केळं चालतं, तेव्हा सालाचाही प्रश्न नाही. तिसरी आले.
भजनातल्या रुपाचा फोन येऊन गेला म्हणे. भजनाची तालीम होती. ऐकू आला नाही.
रिमोटचे सेल संपले, नवे आणले. हिशेबात घड्याळाच्या नावावर लिहिले. घड्याळाला सेल लागतातच. या महिन्यात जास्त लागले.

२१ सप्टेंबर, रविवार. सर्वपित्री
पानावर मुरबाडची मंडळी होती. जेवण झाल्यावर प्रणय डबा बघून म्हणाला, काकू, हा अजून आहे? भंगारवाला पण विचार करून घेईल.
मी म्हटलं, बस माझ्यासमोर. सगळे बसले. हे सुद्धा. माझ्या दोन आठवड्यांच्या सरावापुढे तो टिकणार नाही हे मला ठाऊक होतं.
तो पहिला आला. मी पाण्यात गेले. वर काढल्यावर उलट्या दिशेने गेले. प्रणय म्हणाला, काकू, मुरबाड तिकडे, तुम्ही डोळखांबला चाललात. हे इतके हसले की सुपारी घशात गेली.
पितरांच्या दिवशी जिंकणं बरं दिसलं नसतं.
सुयोगने जाता जाता सांगितलं, आई, आता पितृपक्ष संपला. त्या माणसाला दसऱ्याचं सांगितलंय. साडेतीन मुहूर्तांतला, तूच म्हणतेस.
यावर शास्त्रात काही सापडलं नाही. पंचांग दोनदा पाहिलं.

२२ सप्टेंबर, सोमवार. घटस्थापना
घट बसले. अखंड दिवा लावला. संकल्प: नऊ दिवस उपास, जप, डबा बंद. या वेळी पक्का.
शर्यतीचा एक शेवटचा चषक राहिलाय, ढगांतल्या रस्त्याचा. राहू दे. अर्धवट काम सोडायची मला सवय नाही, पोथीसुद्धा कधी अर्धी ठेवली नाही. पण राहू दे.

२३ सप्टेंबर, मंगळवार
अखंड दिवा असला की घरात कुणीतरी दिव्यापाशी बसावं लागतं. दिवा टीव्हीच्याच खोलीत. नुसतं बसलं की झोप येते आणि झोप आली की दिवा जातो. म्हणजे डबा चालू ठेवणं ही दिव्याचीच सेवा. आवाज बंद ठेवला. मनात जप चालू होता.

२६ सप्टेंबर, शुक्रवार
आज ढगांच्या रस्त्यावर शेवटच्या फेरीत मी पहिली होते. पहिली. मागे सगळे लांब. तेवढ्यात सासूबाई स्वयंपाकघरातून आल्या, तेलाची बुधली घेऊन समईत तेल ओतलं, वात सारली आणि म्हणाल्या, देवी बिचारी काळोखात गेलेली. तुजी गाडी मात्र जोरात हाय.
मी वळून बघितलं. ढगावरून खाली पडले. सातवी.
बघते तर खिडकीत सुयोग. कॉलेज लवकर सुटलं म्हणे. किती वेळ उभा होता कोण जाणे. पदर खोचलेला, मी हातात रिमोट घेऊन उडी मारत होते बहुतेक. म्हटलं, कोळिष्टकं काढते. तो फोनवर काहीतरी टाईप करत अंगणात गेला. त्या कल्याणवाल्यालाच असेल. पोराला भारी घाई.

२९ सप्टेंबर, सोमवार
झोप नीट नाही. पोराची वस्तू पोराने द्यावी, मला काय. पण तसल्या डब्यात बंदुका आहेत आणि घरात घट बसलेत. एका आईने घरात काय येतं ते बघायला नको का?
युक्ती सुचली. खंडेनवमीला शस्त्रं-अवजारं पूजेत मांडतात. पूजेतली वस्तू देवाची झाली. देवाची वस्तू विकत नाहीत. असं कुठे लिहिलंय ते विचारणारं घरात कुणी नाही.

१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी
पूजा यथासांग. पाटावर विळा, कोयता, यांचे पाने, शिवणयंत्राचं चाक, सुयोगचा लॅपटॉप, सासूबाईंची जुनी गोफण. मधोमध डबा. पाटावर जागा कमी, म्हणून चकतीची फट वर करून उभा केला. देव उभेच शोभतात.
आत सासूबाईंची खुंट्यांची चकती तशीच होती. त्या सकाळीही दोन डाव खेळल्या. त्यांचा काही संकल्प नव्हता.
हळदीकुंकू वाहिलं, झेंडूच्या पाकळ्या वाहिल्या, पळीभर पाणी. अक्षता मूठभर. देवाच्या कामात मी हात आखडता घेत नाही. काही दाणे फटीतून आत गेले. म्हटलं, प्रसाद पोहोचला.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा
उत्तरपूजा करून डबा हलवला. सुयोगला समोर बसवून सांगितलं, पुजलेली वस्तू विकत नाहीत, घराण्याला चालत नाही. मला वाटलं भांडेल. तो बरं म्हणाला आणि श्रीखंड मागितलं.
जिंकले.
सोनं वाटून झालं. संध्याकाळी शर्यतीची चकती घेऊन बसले, तो चषक आजच्या मुहूर्तावर. आतली चकती बाहेर येईना. डब्यातून भातगिरणीसारखा आवाज. सुयोगने उलटा करून आपटला. तांदूळ पडले, ओले, लाल. थोडे पडले, बाकीचे आत फुगलेत. हे म्हणाले, दोन दिवस थांबा, भाकरीच पडेल.
दुरुस्त करणाऱ्याला फोन लावला. कुठला डबा आहे ते सांगितल्यावर तो म्हणाला, याचे पार्ट येत नाहीत.

४ ऑक्टोबर, शनिवार
सुयोगशी बोलणं झालं. म्हटलं, माझ्या पूजेने तुझा नवा डबा गेला, रागावू नकोस. तो म्हणाला, आई, मी त्या माणसाला त्या शुक्रवारीच नको म्हणून मेसेज केला होता. खिडकीतूनच. तू उड्या मारताना इतकी खूश मी तुला कधी बघितलीच नव्हती. म्हटलं, राहू दे हिला.
मी म्हटलं, कोळिष्टकं काढत होते.
तो म्हणाला, हो.
आत जाऊन थोडा कांदा चिरला. आज कांदा तिखट होता.
डबा चालतो. पण आत अडकली आहे तीच चकती चालते, खुंट्यांची. सासूबाई दुपारी पदर खोचून उभ्या असतात. आज भाजी द्यायला आलेली भिमी खेळून गेली, रुपा खेळून गेली, यांनीही सुट्टीच्या दिवशी नंबर लावला. सासूबाई हाक मारतात, ये गो रेश्मा, तुजा नंबर शेवटचा हाय, पन हाय.
काल तीन पडल्या, आज चार. सुधारणा आहे.
शर्यतीची चकती देवघरात गंगेच्या तांब्याखाली ठेवली. तांबा डुगडुगत होता, खाली सपाट काहीतरी हवंच होतं.